दहावीची बॅच, २२ माणसं आणि मालवण: तारीख, आरक्षण, हिशेब कसा जमवायचा?

मागचा_बाक:
मंडळी, नेमकी माहिती हवी आहे. आठ वर्गमित्र-मैत्रिणी सहकुटुंब मालवणला जायचं म्हणतोय, जानेवारीत, दोन रात्री तीन दिवस. एकूण माणसं २२. त्यात मोठी १६ (एकाचे आई-वडील धरून, दोघंही सत्तरीपुढचे), ५ ते ११ वयाची ४ मुलं आणि पाचाच्या आतली २. तीन कुटुंबं मुंबई-ठाण्याची, चार घरं पुण्याची (त्यातली एक मैत्रीण एकटीच येणार), आणि एक मित्र जर्मनीहून एकटा.

अडतंय ते असं: ग्रुपवर तारखेचं भिजत घोंगडं पडलंय. रेल्वे की टेम्पो ट्रॅव्हलर, यावर दोन तट आहेत. पैशांची विभागणी कशी करावी कळत नाही, कारण एकाचा हात सध्या आखडलेला आहे आणि तो तसं बोलणार नाही. शिवाय आजी-आजोबा आणि चिल्लीपिल्ली दोन्ही सोबत. ज्यांना अशा सहली जमवायची सवय आहे त्यांनी सविस्तर लिहा.

उभा_गंध:
तारखेपासून सुरू करा, बाकी सगळं त्यावर लोंबकळतंय.

बावीस जणांच्या ग्रुपवर "कधी जायचं?" असा मोकळा प्रश्न टाकला की संपलंच. प्रत्येक जण वेगळी तारीख सांगतो, मग कोणीतरी फुलाचं चित्र टाकतो आणि विषय वाहून जातो. तिघांची टोळी करा, एक मुंबईचा, एक पुण्याचा, आणि एक मैत्रीण हवीच. जर्मनीवाल्याची रजा आधी विचारा, कारण त्याचं विमानाचं तिकीट सगळ्यात महाग आणि बदलायला सगळ्यात अवघड. त्याच्या रजेत बसणाऱ्या फक्त दोन तारखा मतदानाला टाका. मुदत ४८ तास. "जमेल बहुतेक" हा पर्याय ठेवूच नका, होय किंवा नाही. त्याला फोन करताना हिवाळ्यात त्याचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे संध्याकाळचे पाच, तो अजून ऑफिसात असतो. रविवारी दुपार बरी.

टाळायच्या तारखा: नाताळ ते १ जानेवारी (खोल्यांचे दर चढलेले, तारकर्लीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग), २६ जानेवारीला लागून सुट्टी येत असेल तर तेही दिवस, आणि आंगणेवाडीची जत्रा. भराडी देवीची ही जत्रा तिथीला बांधलेली नसते, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. बहुतेक वेळा फेब्रुवारीत येते, पण जाहीर झाली की बघता बघता कुडाळ-कणकवलीच्या गाड्या भरतात. तुमच्यात कोणी शिक्षक असेल तर बारावीच्या प्रात्यक्षिकांचं वेळापत्रकही आधी पाहून घ्या. संक्रांत उरकल्यावरचा आठवडा सगळ्यात मोकळा.

आणि होकार तोंडी धरू नका. ज्याचं तिकीट निघालं तो आला, एवढंच खरं.

पीएनआर_काका:
वरच्या शेवटच्या ओळीला +१. आता रेल्वे.

आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं, प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. १५ जानेवारीच्या रात्रीची कोकणकन्या धरली तर तुमचा दिवस १६ नोव्हेंबर. सुरुवातीच्या वेळात आधार-पडताळणी झालेल्या खात्यांनाच तिकीट काढता येतं, तेव्हा ज्यांच्या नावे काढणार त्यांची खाती आठवडाभर आधी तपासा. सकाळी ७:५५ ला ओटीपीची वाट पाहत बसलात तर गाडी वेटिंगवर जाईल.

एका पीएनआरवर सहाच माणसं बसतात. लोक काय करतात, २२ जणांची यादी करतात आणि सहा-सहाचे तुकडे पाडतात. तसं करू नका. कुटुंबागणिक एक पीएनआर ठेवा. कारण असं की एखाद्याचं ऐनवेळी रद्द झालं तर कन्फर्म तिकिटावरचं नाव बदलून मिळतं ते फक्त जवळच्या नात्यात: आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको. तेही गाडी सुटायच्या २४ तास आधी आरक्षण केंद्रावर नात्याचा पुरावा दाखवून, आणि एकदाच. मित्राच्या जागी मित्र चालत नाही. शिवाय रद्द केल्याचे पैसे ज्याच्या खात्यातून गेले त्याच्याच खात्यात परत येतात. सगळी तिकिटं एकानेच काढली असतील तर त्याचा महिना परताव्यांचा हिशेब लावण्यात जातो.

आई-वडिलांचं तिकीट मात्र मुलाच्या तिकिटावर नको. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा वेगळा कोटा असतो, पुरुष ६० आणि बाई ४५ च्या पुढे. पण तो एकट्याला किंवा अशाच दोघांच्या तिकिटाला लागू होतो. त्याच पीएनआरवर मुलगा, सून, नातू घातले की कोटा गेला, आणि आजोबांच्या नशिबी मधला बर्थ. दोघांचं वेगळं तिकीट त्या कोट्यातून काढा. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, ती शोधत बसू नका.

मग सगळे एका डब्यात कसे येणार? तिकीट काढताना पसंतीच्या डब्याचा क्रमांक लिहायची सोय आहे. सगळ्यांनी एकच डबा (समजा बी२) लिहायचा आणि ८ वाजता एकाच वेळी बसायचं. हमी नाही, पण पहिल्या काही मिनिटांत बहुतेक जमतं.

मुलांचं: पाचाच्या आत तिकीट नाही, बर्थही नाही. ५ ते ११ ला बर्थ हवा तर पूर्ण भाडं, बर्थ नको तर अर्धं. रात्रीच्या गाडीत आठ वर्षांच्या मुलाला आईच्या बर्थवर निजवून दोघांची झोप मोडण्यापेक्षा पूर्ण भाडं भरा.

आता ज्या चुकीने अर्धा ग्रुप फलाटावर राहतो ती. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री ११ नंतर सुटते, पण पनवेलला पोचेपर्यंत १२ वाजून गेलेले असतात. म्हणजे मुंबईकरांच्या तिकिटावर १५ तारीख आणि पनवेलला चढणाऱ्या पुणेकरांच्या तिकिटावर १६, गाडी तीच. पुणेकरांनी १५ टाकली तर त्यांचं तिकीट आदल्या रात्रीच्या गाडीचं निघतं. आरक्षणाची मुदत गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून मोजतात, म्हणून दोन्ही तिकिटं १६ नोव्हेंबरलाच उघडतील. तुतारी एक्सप्रेस दादरहूनच १२:०५ ला सुटते, तिथे तर मुंबईकरही फसतात. १५ च्या रात्री जेवून निघायचं असेल तर तुतारीचं तिकीट १६ चं, आणि उघडणार १७ नोव्हेंबरला. ग्रुपवर तारीख लिहिताना "१५ आणि १६ मधली रात्र" असंच लिहा.

उतरायचं कुडाळला. मालवण तिथून तीसेक किलोमीटर.

मागचा_बाक:
काका, तारखेचं लक्षातच आलं नसतं. धन्यवाद. पुणेकरांचं म्हणणं, पुण्याहूनच टेम्पो ट्रॅव्हलर आणू, तीच तिथे फिरायलाही होईल. त्यात काय वाईट?

गजालीकार:
वाईट काही नाही, महाग आहे. गाडीचं भाडं किलोमीटरवर असतं आणि दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरतात, गाडी उभी राहिली तरी. मोजणी मालकाच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत. पुण्याहून मालवण एका बाजूला पावणेचारशेच्या आसपास. मधला दिवस तुम्ही मालवणात वीस किलोमीटर फिरणार आणि ३०० चे पैसे भरणार. वर चालकाचा भत्ता, रात्रीचा आकार, टोल, पार्किंग. दर विचाराल तेव्हा या प्रत्येकाचं उत्तर लेखी मेसेजमध्ये घ्या, आणि "दिवस" रात्री १२ ला बदलतो की २४ तासांनी तेही. १२ ला बदलत असेल, तर पहाटे ५ ला निघून तिसऱ्या रात्री १ वाजता परतलात तरी चौथा दिवस लागतो.

दुसरी गंमत आसनांची. १७ आसनी म्हणजे १७ माणसं, सामान नव्हे. बॅगा मागच्या रांगेत चढल्या की १३-१४ च आरामात बसतात. कुडाळहून २२ जणांना २६ आसनी एक, किंवा १७ आसनी आणि सोबत सहा-सात आसनांची एक गाडी. मी दुसरं सुचवेन. आजी दमल्या, पोर झोपलं, तर छोटी गाडी खोलीवर परतते आणि बाकीच्यांचा दिवस मोडत नाही. पाटी पिवळी आहे ना बघा. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेतली आणि वाटेत काही झालं तर विम्याचं घोडं तिथेच अडतं.

पुणेकर रस्त्यानेच येणार असतील तर घाटात ज्याला मळमळतं त्याला शेवटच्या रांगेत बसवू नका, तिथे हिसके सगळ्यात जास्त. गोळी घाटाच्या तोंडाशी देऊन उपयोग नसतो, अर्धा-पाऊण तास आधी पोटात जायला हवी.

खोल्या ठरवताना फोटो बघून भुलू नका, फोन करून पाच गोष्टी विचारा: तळमजल्यावर किती खोल्या, आत कमोड आहे का, गरम पाणी सकाळी किती वाजेपर्यंत, वीज गेली तर पंखे इन्व्हर्टरवर चालतात का, जादा गादीचे किती. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण "चौघांची खोली" म्हणजे बहुतेकदा एक डबल बेड आणि जमिनीवर दोन गाद्या. आणि खोली दुपारी १२ ला मिळते, तुम्ही कुडाळला उतरणार सकाळीच. आंघोळीपुरत्या दोन खोल्या लवकर उघडून द्यायला आधीच सांगून ठेवा, नाहीतर बावीस माणसं अंगणात बॅगांवर बसतील.

घरगुती खानावळीत आकडा आदल्या संध्याकाळी द्यायचा: इतके शाकाहारी, इतके मासे, इतकी मुलं. सकाळी बाजारात काय मिळालं त्यावर ताट ठरतं, म्हणून माशाचा दर आधी पक्का होत नाही. मुलांना सुरमईची तुकडी द्या, काटा कमी. बांगडा चवीला वर, पण त्याचे बारीक काटे सहा वर्षांच्या पोराला निवडता येत नाहीत. शाकाहाऱ्यांना "पनीर करू?" असं विचारतील, तेव्हा काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी मागा. धाकट्यांसाठी मेतकूट घरून न्या, मऊ भात कुठेही मिळतो.

किल्ला. सिंधुदुर्गाचं काम १६६४ साली सुरू झालं, आत आजही वस्ती आहे, आणि खाऱ्या समुद्रात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. मुलांना आधी एवढं सांगून ठेवा, मग ती स्वतःच विहिरी शोधतात. आजी-आजोबांना आत चालण्याचा त्रास कमी, होडीत चढण्या-उतरण्याचा जास्त. पाणी उतरलेलं असलं की पायरी उंच पडते आणि शेवाळाने निसरडी होते. म्हणून भरतीचा अंदाज घेऊन जा. त्याला किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: पंचांगातली तिथी घ्या आणि पाऊणने गुणा. षष्ठी असेल तर ६ गुणिले पाऊण म्हणजे साडेचार, भरती साधारण साडेचारला, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा. त्याच्या सहा तास पुढेमागे ओहोटी. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. थोडा फरक पडतो, पण सकाळची होडी धरायची की दुपारची एवढं ठरवायला पुरे. दुपार आलीच तर शेवटची होडी किती वाजता, हे आधी धक्क्यावर विचारा.

देवबागच्या टोकाला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीला पाण्याची ओढ भयंकर असते. गुडघाभर दिसलं तरी मुलांना उतरू देऊ नका.

आणि एक कळकळीची सूचना. अर्ध्या दिवसाला एकच ठिकाण. किल्ला, संगम, स्कुबा, बाजार, देऊळ सगळं एका दिवसात कोंबलं की लोक गाडीत बसून घड्याळ बघतात. एवढ्या वर्षांनी भेटताय, गजाली कधी मारणार? दोन्ही संध्याकाळी पाच ते आठ काहीही ठरवू नका.

खतावणी:
पैशांचं मी लिहिते. "सगळं भागिले आठ" हा हिशेब सोपा दिसतो आणि त्यानेच मैत्री आंबट होते.

तीन खाती करा. खोल्या खोलीगणिक: जो ज्या खोलीत, तो तिचे देईल. गाडी आसनागणिक: मूल असो वा मोठं, आसन अडलं की पूर्ण. जेवण एककावर: मोठ्यांना १, ५ ते ११ ला अर्धं, पाचाच्या आत शून्य. तुमच्याकडे १६ आणि ४ चे अर्धे २, म्हणजे १८ एककं. तीन दिवसांचं खाणंपिणं समजा २७,००० झालं, तर एककाला १,५००. नवरा-बायको, एक आठ वर्षांचं आणि एक तीन वर्षांचं मूल म्हणजे अडीच एककं, ३,७५०. एकटा आलेला मित्र १,५००. भागिले आठ केलं असतं तर त्या एकट्याला आणि आई-वडिलांसह आलेल्या घराला सारखेच ३,३७५ पडले असते.

मासे या एककात घालू नका. नाश्ता, चहा, साधं ताट सामाईक. माशाच्या ताटाचे वरचे पैसे ज्याच्या त्याच्या नावावर. दारू सामाईक पैशातून कधीही नाही, एक बाटलीसुद्धा नाही. भांडणाला तेवढं पुरतं.

आता आखडत्या हाताच्या मित्राबद्दल. "तुझं आम्ही भरतो" असं म्हणू नका, तो येणारच नाही. ज्यांना जास्त द्यायचंय त्यांनी विभागणीच्या आधी पैसे सामाईक डब्यात टाकावेत. वरच्याच उदाहरणात दोघातिघांनी मिळून ५,४०० टाकले, तर उरले २१,६००, आणि एकक १,२०० वर आलं. सगळ्यांचंच कमी झालं, कोणावर उपकार नाही, कोणाचं नाव नाही. खोली आणि गाडीच्या खात्यातही हेच करता येतं. मुळात बेत त्याच्या खिशाकडे बघून आखा. तारकर्लीत किनाऱ्यावरची खोली आणि मालवण गावात दोन गल्ल्या आतली खोली यांच्या दरात चांगलाच फरक असतो, आणि दिवसभर तुम्ही खोलीत नसताच.

वसुली दोन हप्त्यांत. खोल्यांच्या आगाऊ रकमेपुरता पहिला, निघायच्या पंधरा दिवस आधी दुसरा, अंदाजाच्या दहा टक्के वर धरून. "यांचे आले, यांचे बाकी" ही यादी ग्रुपवर लावू नका, हे काय पतसंस्थेचं थकबाकीदारांचं फलक आहे? प्रत्येकाला वेगळा मेसेज करा. खर्च एकाच खात्यातून करा आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी लिहा. होडी, शहाळी, पार्किंग यांना शंभर-पन्नासच्या नोटा लागतात, दोन-तीन हजार सुटे ठेवा. परतल्यावर चार दिवसांत हिशेब टाका आणि उरलेले परत करा. "पुढच्या वेळेसाठी राहू दे" म्हणून ठेवलेले पैसे दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाहीत, किंवा एकालाच आठवतात.

ओसरी:
सगळे वर्गमित्रांबद्दलच बोलताहेत. सहा जोडीदारही येणार आहेत, त्यांना तुमचे गणिताचे सर आणि मधल्या सुट्टीतले किस्से काडीचे माहीत नाहीत. पहिल्या संध्याकाळी दोन तास ते हसत ऐकतील, दुसऱ्या दिवशी मोबाइल काढतील. जेवायला मुद्दाम मिसळून बसा. आणि दुसऱ्या सकाळी मुलांकडे कोण बघणार हे आधी ठरवा, नाहीतर बाप लोक गप्पांत आणि सहा पोरं बायकांच्या अंगावर, हे ठरलेलं.

एकट्या येणाऱ्या मैत्रिणीला "कुठेतरी ॲडजस्ट करू" असं सांगू नका. तिची खोली कोणती, सोबत कोण, हे तारखेसोबतच कळवा. नाहीतर ती शेवटच्या आठवड्यात काहीतरी कारण काढून गळेल आणि खरं कारण कळणारही नाही.

पुण्याच्या आणि मुंबईच्या माणसाने प्रत्येकी एक वही करावी: प्रत्येकाचा घरचा पत्ता, जोडीदाराचा नंबर, आई-वडील गावाकडे असतील तर तिथला नंबर आणि शेजारच्या घराचा एक. आपल्याकडे मित्राचा नंबर असतो, पण तो आजारी पडला की फोन कोणाला करायचा हे माहीत नसतं. फोटो मूळ आकारात हवे असतील तर ग्रुपवर साधे टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दबून येतात आणि मोठे छापले की पुसट दिसतात.

मागचा_बाक:
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! तिघांची टोळी आजच केली, जर्मनीला रविवारी फोन करतो. एक बारीक शंका: १६ ते १८ ठरलं आणि त्यातच कोणाचा उपासाचा वार निघाला तर खानावळीवाल्यांना काय सांगायचं?

गजालीकार:
तारीख ठरली की पंचांग काढून वार आणि चतुर्थी-एकादशी बघा आणि प्रत्येकाला विचारा, "या तीन दिवसांत मासे कधी चालत नाहीत?" सोमवारवाले वेगळे, गुरुवारवाले वेगळे, संकष्टीवाले चंद्रोदयानंतर जेवणारे. मासे न खाणं आणि उपास धरणं यात फरक आहे, तो आकडा देताना सांगा. नाहीतर मासे न खाणाऱ्याच्या पुढ्यात साबुदाण्याची खिचडी येते. संकष्टी असेल तर त्या रात्रीची पंगत चंद्रोदयाची वेळ बघून लावा, आणि मुलांना आठलाच वाढून घ्या.

पीएनआर_काका:
आणि परतीचं तिकीट विसरू नका. त्याचे ६० दिवस वेगळे मोजायचे. परतीची गाडी १८ ची असेल तर ती १९ नोव्हेंबरला उघडेल. पहिल्या दिवशी जायचं काढून सगळे निवांत होतात आणि येताना वेटिंग ४० वर उभे असतात.